तारीख गेलेलं सीरम

“तुमची सही इथं चालत नाही, डॉक्टर,” औषधवाले शेठ म्हणाले आणि माझी चिठ्ठी त्यांनी काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवली.

“का चालत नाही? मी सरकारी डॉक्टर आहे.”

“ढोरांचे.”

“अहो, औषध टांग्याच्या घोडीसाठीच हवंय.”

“तेच सांगतोय मी.” शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला. “लढाई चाललीय. सीरमवर कंट्रोल आहे. डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, तिच्यावर पेशंटचं नाव पाहिजे. आणि सरकारच्या लेखी डॉक्टर म्हणजे माणसांचा डॉक्टर. उद्या तपासणी आली, पेशंट कोण म्हणून विचारलं, तर मी काय दाखवू? टांगा?”

मला राग आला. मुंबईच्या कॉलेजात शिकून, परीक्षा देऊन मी नुकता नगरच्या गुरांच्या दवाखान्यात लागलो होतो. आडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना मला कुणी विचारत नसे, की बाबा तू कोणता डॉक्टर. औषधाच्या दुकानात मात्र मी एकदम कुणीच नव्हतो.

शेठनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. “असं करा. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणा. नाव घाला कुणाचंही. टांगेवाल्याच्या घरात माणसं असतीलच की. मी डोळे झाकून देतो. पुढं ते कुणाला टोचलं, ते बघायला मी येणार आहे का?”

मला सल्ला पटला. खरं सांगायचं तर आजही मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. चहा तसाच टाकून मी सायकल हाणत झेंडीगेटला गेलो. तिथं एका गोठ्यात मैना उभी होती, आणि तिच्याकडं फार वेळ नव्हता.

मैना ही चांदभाईंची घोडी. चांदभाई स्टेशन ते माळीवाडा टांगा चालवत. पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून टांग्यांना बरे दिवस आले होते आणि मैनेला दम खायला सवड नसे. सोनईच्या एका व्यापाऱ्याकडून शिंगरू असताना त्यांनी ती आणली होती. घरात सगळ्यांच्या आधी तिचा दाणा निघायचा. चांदभाईंची बायको थट्टेनं तिला सवत म्हणायची. ओळख नसलेल्या माणसाला खरंच वाटायचं, की मैना म्हणजे यांची दुसरी बायको.

त्या सकाळी चांदभाई दवाखान्यात आले ते पायीच. मी विचारलं, टांगा कुठाय?

“मैना कालपास्नं दाना घेत न्हाई, डाक्टरसाहेब. तोंडच उघडत न्हाई. पानी पिती, पन लई येळ लावती. आन् उभीच हाय. बसतच न्हाई.”

मी लगेच गेलो. गोठ्यात पाऊल टाकताच रोग कळला. चारी पाय फाकलेले, मान ताठ, कान उभे, शेपूट मागं उचललेलं. सुतार लाकूड कापायला घोडी मांडतो, तशी ही खरी घोडी मांडून ठेवल्यासारखी उभी होती. मी तिच्या हनुवटीखाली हात घालून तोंड थोडं वर उचललं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सर्रकन बुबुळावर आला आणि परत गेला. ही खूण कॉलेजात पुस्तकात पाहिली होती. प्रत्यक्षात पाहण्याची ही पहिलीच वेळ.

धनुर्वात. माणसाला होतो तोच. खिळ्यानं किंवा काट्यानं जखम होते, मातीतले जंतू आत जातात, वरून जखम भरून येते आणि सगळे विसरून जातात. आत मात्र जंतू विष तयार करत बसतात. ते विष नसांना धरतं आणि अंग ताठत जातं. जबडा मिटतो, मग गिळणं बंद होतं, मग श्वास. घोड्याला हा रोग फार चटकन धरतो. जरा आवाज झाला, डोळ्यांवर उजेड पडला, की झटका येतो, आणि प्रत्येक झटका जनावराला थोडं थोडं मारतो.

“मागं कधी पायात काही गेलं होतं का?” मी विचारलं.

चांदभाईंना आठवायला वेळ लागला. “मालधक्क्यावर खोक्याचा खिळा गेल्ता. मीच काढला. हळद भरली. भरून आलं हुतं की सगळं.”

मी आमच्या इन्स्पेक्टर साहेबांना निरोप धाडला.

पठारे साहेब पारनेर तालुक्यातले. कोरडवाहू मुलखातला माणूस, तसाच बोलायला कोरडा. कचेरीत स्वच्छ पुणेरी बोलत; रंगात आले किंवा तापले की गावची बोली बाहेर पडे. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. जनावर न बांधता त्याच्या तोंडात हात घालायचे, आणि सरकारी नियम पोथीसारखे वाचायचे. पहिल्या गोष्टीसाठी लोक त्यांना मानत. दुसऱ्या गोष्टीसाठी आम्ही सगळे त्यांच्यावर वैतागलेले असू. मी श्रीगोंद्याचा, पण मुंबईला शिकून आलो म्हणून मला ते ‘मुंबईकर’ म्हणत. हाकेत चिमटा असे, पण मायाही असे.

ते आले, घोडीला लांबूनच पाहिलं आणि न बोलता कामाला लागले. दाराला गोणपाटं लावून गोठ्यात अंधार केला. मैनेच्या कानांत कापसाचे बोळे घातले. खूर कोरून जुनी जखम उघडी केली, धुतली, टिंक्चर ओतलं. क्लोरल म्हणून एक गुंगीचं औषध असतं, ते आमच्या कपाटात होतं. तोंड मिटलेलं, म्हणून पेजेत कालवून मागून पिचकारीनं दिलं. त्यानं झटके कमी होतात. विष मात्र मरत नाही. विष मारायला सीरमच लागतं, आणि ते आमच्या कपाटात नव्हतं. आम्ही इंडेंट, म्हणजे वर पाठवायची मागणी, केव्हाच केली होती. वर सगळं लष्करी घोड्यांकडं चाललं होतं. उत्तर नाही.

“पानी पितीय तवर आशा हाय,” साहेब बाहेर येऊन म्हणाले. “गिळणं बंद झालं की मग सीरम आणा न्हाईतर अमृत आणा. मुंबईकर, पेठेत जाऊन बघा.”

म्हणून मी पेठेत गेलो होतो, आणि आता शेठचा सल्ला घेऊन परत आलो होतो.

गल्लीत शिरलो तर काहीतरी वेगळं वाटलं. मग लक्षात आलं, की आवाज नव्हता. चांदभाईंच्या शेजारी पत्र्याच्या ट्रंका करणारा एक कारागीर होता. दिवसभर त्याची हातोडी चालायची. तो आपलं सगळं सामान उचलून माळीवाड्यात भावाच्या पडवीत कामाला गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरे टांगेवाले गल्लीच्या तोंडाशी खाली उतरत, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू सोडून खिशात घालत आणि लगाम धरून जनावर हळूच चालवत नेत. बायका नळावर बादल्या आपटत नव्हत्या. मी सायकलवरून उतरलो आणि हातात धरून नेली. मला त्या गल्लीचं फार कौतुक वाटलं, आणि आजही वाटतं.

गोठ्याबाहेर बाजेवर पठारे साहेब आणि चांदभाई बसले होते. मी कुजबुजत सगळं सांगितलं. शेठचा तोडगाही सांगितला.

“नाव कुणाचं घालणार?” साहेबांनी विचारलं.

“चांदभाईंची मुलगी आहे ना. जुबेदा.”

“आणि तिला काय झालंय म्हणून लिहिणार?”

“धनुर्वात.”

चांदभाईंनी मान हलवली. हळूच, पण ठाम. “न्हाई डाक्टरसाहेब. पोरीच्या नावाफुडं ते लिवू नका. मैना माझी हाय, पन पोर बी माझीच हाय. असलं खोटं लिवलं की कवातरी ते खरं व्हाया बगतं.”

“अहो, कागदावरच तर आहे.”

“कागदावर लिवलेलं पुसत न्हाई.”

मी साहेबांकडं पाहिलं. वाटलं, हे तरी समजावतील. ते म्हणाले, “त्यांचं सोडा. माझं ऐका. घोड्याला किती सीरम लागतं? माणसाच्या कितीतरी पट. शेठच्या कपाटातलं सगळं काढलं तरी पुरायचं न्हाई. आन् उद्या एखादी बाळंतीण तशीच ताठलेली आली, तर शेठनं तिच्या नवऱ्याला काय सांगायचं? घोडीनं पिलं?”

“मग घोडी मरू द्यायची का?” माझा आवाज चढला. आत मैनेच्या खुरांचा खडखडाट झाला. तिघंही गप्प झालो. झटका ओसरेपर्यंत चांदभाई डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पठारे साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मरू द्यायची असं मी म्हणालो का? घोडं कुठं पेंड खातंय ते आधी बघू. उद्या सकाळी सदरा इस्त्रीचा घाला. माणसांच्या दवाखान्यात जायचंय.”

माणसांचा दवाखाना म्हणजे सरकारी इस्पितळ. आमच्या खात्यात त्याला असंच म्हणत. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना सगळे मेजरसाहेब म्हणायचे. लष्करातून आलेले, मूळचे रत्नागिरीकडचे. शिस्तीचे असे, की वॉर्डातल्या मांजरीसुद्धा त्यांची वेळ ओळखून होत्या. मी मनात म्हटलं, झालं. एक नियमवाला दुसऱ्या नियमवाल्याकडं चाललाय. यातून काय निघणार?

सकाळी मैनेनं बादलीत तोंड घातलं, पण पाणी जेमतेम गिळलं. तेवढं पाहून आम्ही निघालो. चांदभाई मागं राहिले. तिच्याजवळून ते हललेच नव्हते.

मेजरसाहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. पठारे साहेबांनी उभ्यानंच हकीकत सांगितली.

“नाही,” मेजरसाहेब म्हणाले. “माझ्याकडं सीरम मोजकं आहे. अपघात आहेत, बाळंतपणं आहेत, कॅम्पातून कधी काय येईल सांगता येत नाही. घोडीला मी एक थेंब देणार नाही.”

“बरोबर आहे,” पठारे साहेब म्हणाले. “मी आपल्या जागी असतो तर मीही दिलं नसतं.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. मग इथं आलो कशाला?

“मग प्रश्न काय आहे?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“प्रश्न तारीख गेलेल्या सीरमचा आहे. ते आपल्याकडं असेल.”

“आहे एक पेटी. बोर्ड बसला की मोडीत काढायची.”

इथं जरा थांबून सांगतो. सरकारी दवाखान्यात तारीख उलटलेलं औषध कुणी एकट्यानं फेकायचं नसतं. त्यासाठी तीन अधिकाऱ्यांचा बोर्ड बसतो. ते वस्तू पाहतात, ती त्यांच्यासमोर नष्ट होते आणि तिघं कागदावर सही करतात. एकट्यानं फेकू दिलं, तर ते खिडकीतून फेकून बाजारात निघेल, हा त्यामागचा विचार. आणि ‘तारीख गेली’ म्हणजे औषध त्या दिवशी मरतं असंही नाही. त्याची ताकद हळूहळू उतरत जाते. जुनं तिखट भाजीत जास्त घालावं लागतं, तसं. पण माणसाच्या बाबतीत असला अंदाज चालत नाही, म्हणून तारीख.

“मोडीत का काढायची?” पठारे साहेबांनी विचारलं.

मेजरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. “तारीख उलटल्यावर ते माणसाला देता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माणसाला,” पठारे साहेब म्हणाले.

मला आता कुठं उजेड पडायला लागला.

“नष्ट कसं करता साहेब?”

“बाटल्या फोडून खड्ड्यात ओततो.”

“नियमात ‘फोडून’ आहे का नुसतंच ‘नष्ट करावे’ आहे?”

मेजरसाहेबांनी नियम आठवून सांगितला. “नष्ट करावे.”

“अशा रीतीनं, की पुन्हा कुणाच्या वापरात येऊ नये. इतकंच ना? मग साहेब, घोडीच्या शिरेत एकदा घातलेलं औषध परत बाहेर काढून कोण विकणार? खड्ड्यात ओतलेलं एक वेळ कुणी माती पिळून काढील.”

मेजरसाहेब हसले नाहीत. पण त्यांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला. आम्ही बसलो.

“घोडी दगावली तर?” त्यांनी विचारलं.

“तर औषध नष्ट झालं आणि घोडी गेली. आपल्याकडं काही येत नाही. रोगी माझा आहे. मी लिहून देतो.”

“आणि जगली तर?”

“तरी औषध नष्ट झालंच.”

मेजरसाहेब उठले, खिडकीशी गेले, परत आले. “ठीक आहे. पण बोर्डाशिवाय नाही. पेटी माझ्यासमोर उघडेल, औषध माझ्यासमोर जाईल, काचा माझ्यासमोर फुटतील. बोर्डाचा अध्यक्ष मी. दुसरे तुम्ही. तिसरा मेंबर कोण?”

पठारे साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “हे. मुंबईचे आहेत.”

“घोडी इथं आणा.”

“आणता यायची नाही साहेब. रस्त्यावर काढली तर रस्त्यातच पडेल. बोर्डालाच तिच्याकडं यावं लागेल.”

मला वाटलं, इथं सगळं फिसकटणार. मेजरसाहेब झेंडीगेटच्या गोठ्यात? पण माणसाला नुसतं वरवर पाहून ओळखू नये. त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, “चला.”

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. घुंगरू सोडणारा एक टांगेवाला त्यांना दिसला. हा काय प्रकार म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आपल्या पायांकडं पाहिलं. लष्करी बूट, टाचेला लोखंडी नाल. दगडी फरसबंदीवर ते टक्टक् वाजत होते. ते एका ओट्यावर टेकले, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि अनवाणी चालायला लागले. नगरच्या इस्पितळाचे मेजरसाहेब, हातात बूट, अनवाणी. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणी सलाम केला नाही, कारण सलामाला तोंड उघडावं लागलं असतं.

गोठ्याबाहेर उजेडात पेटी उघडली. मेजरसाहेबांनी एकेक बाटली आभाळाकडं धरून पाहिली. गढूळ दिसली की बाजूला. स्वच्छ दिसली की पठारे साहेबांच्या हातात. साहेब त्या बाटल्या काखेत धरून कोमट करत होते, कारण थंड औषध शिरेत गेलं की जनावर दचकतं. एवढे दोन मोठे अधिकारी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि कुजबुजत बोलत होते. नमाजाला निघालेले एक बुजुर्ग जरा थांबले, पाहिलं आणि चपला हातात घेऊन पुढं गेले.

आत जाताना मेजरसाहेब पठारे साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, “माणसाला हे कधी कधी बाधतं. अंगावर गांधी उठतात, धाप लागते. घोड्याचं रक्त ना. तुमच्या घोडीला ती भीती नाही. तिच्या घरचंच आहे.”

हे वाचकांना सांगायचं राहिलंच. धनुर्वाताचं सीरम घोड्यापासूनच करतात. निरोगी घोड्याला हे विष थोडं थोडं टोचून सवय लावायची, मग त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो. ते रक्त काढून त्यातलं पिवळसर पाणी बाटलीत भरायचं. म्हणजे औषध घोड्यानं दिलेलं. आणि आदल्या दिवशी पेठेत ते घोडीलाच नाकारलं गेलं होतं.

चांदभाई मैनेच्या तोंडाशी उभे राहिले. तिच्या कपाळावर त्यांनी आपलं कपाळ टेकवलं आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत राहिले. मी दिवा धरला, त्यावरही फडकं घातलेलं. पठारे साहेबांनी मानेची शीर अंगठ्यानं दाबली, ती फुगल्यावर सुई घातली. मैना थरथरली. चांदभाईंचं पुटपुटणं थांबलं नाही. औषध हळूहळू गेलं. एका बाटलीमागं दुसरी. साहेबांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण हात कापला नाही. मी त्यांच्याबरोबर पुढं पुष्कळ वर्षं काम केलं. तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

मग काचांचा प्रश्न आला. बाटल्या बोर्डासमोर फुटायला हव्यात, आणि आवाज तर होता कामा नये. मेजरसाहेबांनी क्षणभर विचार केला, अंगातला लष्करी कोट काढला, त्यात रिकाम्या बाटल्या गुंडाळल्या, गल्लीच्या पार टोकाला नेऊन स्वतः दगडानं ठेचल्या. गढूळ बाटल्या तिथंच खड्ड्यात ओतल्या. मग बूट घातले, ठेचलेल्या कोटातल्या काचा झटकल्या आणि म्हणाले, “बोर्डाचं काम झालं. कागद मागाहून येईल.”

जाताना त्यांनी चांदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे दिवस वाईट गेले. सीरम अंगात फिरणारं विष मारतं. नसांना आधीच चिकटलेलं विष सोडवत नाही. ते ज्याचं त्यानं सोसायचं. मैनेला झटके येतच राहिले. चांदभाईंनी गोठ्यातच पथारी टाकली. पातळ पेज बादलीत ठेवायची, ती दातांच्या फटीतून शोषून घ्यायची. पठारे साहेब रोज कचेरीच्या आधी आणि नंतर येत, तिच्या गळ्यावर हात ठेवून घोट खाली उतरतोय का बघत आणि निघून जात. इस्पितळाचा शिपाई मधूनच यायचा आणि विचारायचा, “मेजरसाहेबांनी इचारलंय, बोर्डाची वस्तू कशी हाय?”

हळूहळू झटके विरळ झाले. एका सकाळी चांदभाईंनी हिरव्या लसूणघासाची एक काडी तिच्या ओठांशी धरली आणि ती तिनं चावली. आवाज करून चावली. चांदभाई धावत दवाखान्यात आले. नुसते दातांवर दात घासून दाखवत राहिले. पठारे साहेब जागेवरून उठले, पाठ फिरवून उगाच कपाटातल्या बाटल्या नीट लावत बसले.

त्या संध्याकाळी ट्रंकवाला आपलं सामान घेऊन परत आला. त्यानं चांदभाईंना विचारूनच पहिला ठोका मारला.

मैना पूर्ववत व्हायला बराच काळ गेला. ती टांग्याला जुंपेपर्यंत आमच्या जुन्या इंडेंटचं सीरमही येऊन पोचलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. साहेबांनी ते कपाटात ठेवलं आणि बाटल्यांवरची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावली.

आणि एके दिवशी दवाखान्यासमोर घुंगरू वाजले. पाहतो तर मैना. टांग्यातून इस्पितळाचा कारकून उतरला. हातात बोर्डाचा कागद. त्यावर मेजरसाहेबांची सही झालेली. पठारे साहेबांनी कागद नेहमीसारखा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि माझ्याकडं दिला.

मी वाचला. ‘सदर सीरम तपासणीअंती निरुपयोगी ठरल्याने बोर्डासमक्ष नष्ट करण्यात आले.’

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैना उभ्या उभ्या शेपटीनं माशा वारत होती आणि चांदभाई तिच्या आयाळीत अडकलेलं गवत काढत होते.

“साहेब, निरुपयोगी?” मी म्हणालो.

“मान्साला निरुपयोगीच हुतं,” पठारे साहेब म्हणाले. “त्यात खोटं काय हाय? नियम अर्धा वाचला की आडवा येतो, मुंबईकर. पुरता वाचावा. करा सही.”

मी सही केली. कारकुनानं ती निरखून पाहिली, टिपकागदानं टिपली, आणि चालेल म्हणाला. पेठेत औषध मिळवायला जी सही चालली नव्हती, तीच औषध निरुपयोगी ठरवायला सरकारात बिनतक्रार चालली. कारकून कागद घेऊन टांग्यात चढला, आणि मैना त्याला घेऊन चांगली दुडक्या चालीनं इस्पितळाकडं गेली.